व्हिएतनामच्या त्या मेसेजवरून: "नुकसान कोणाचं होतंय?"

रानवाट

काल 'किल्लेदार' यांनी लिहिलं, "व्हिएतनामचा मेसेज खरा की खोटा हे उकरत बसणाऱ्यांना महाराजांचं मोठेपण सोसत नाही. नुकसान कोणाचं होतंय? पोरं गडावर जातायत ना?" वाचून गप्प बसणार होतो, पण रात्रभर डोक्यातून जाईना. म्हणून सविस्तर लिहितोय.

मेसेज बहुतेकांकडे येऊन गेला असेल. अमेरिकेला हरवल्यावर व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रकारांनी विचारलं, हे जमलं कसं? ते म्हणाले, शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून. पुढे त्यांच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक मावळा' असं कोरलं गेलं. त्यांच्या परराष्ट्रमंत्री भारतात आल्या तेव्हा रायगडावर गेल्या आणि तिथली मूठभर माती घेऊन परतल्या.

मीही हा मेसेज अभिमानाने पुढे पाठवला होता. ऑफिसात माझ्या शेजारी उदयपूरचा एक मित्र बसायचा, त्याला वाचून दाखवला. त्याने काही न बोलता स्वतःचा फोन पुढे केला. तोच पत्रकारांचा प्रश्न, तेच उत्तर, तीच समाधी, तीच मूठभर माती. फक्त नाव महाराणा प्रतापांचं आणि माती मेवाडची. त्या दिवशी मला लाज वाटली. तो मेसेज आपल्या महाराजांसाठी लिहिलेलाच नव्हता, नावाची जागा रिकामी ठेवून फिरवलेला मजकूर होता तो.

मग तारखा पाहिल्या. उत्तर व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह २ सप्टेंबर १९६९ रोजी गेले. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली आणि युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ ला. युद्ध जिंकल्यावरच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर कधी दिलं?

आणि 'उकरत बसणारे' म्हणताय? महाराजांची जन्मतिथी वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, या एका प्रश्नावर आपल्या संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलाय. टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तारीखवार नोंद, १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्या आधारावर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख उभी राहिली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरं गोळा करत हिंडले. वाळवी लागलेला एकेक कागद ज्यांनी जपला, त्यांना महाराजांचं मोठेपण सोसत नव्हतं का? महाराजांच्या नावावर काहीही खपवणं हाच मला त्यांचा अपमान वाटतो.

किल्लेदार

उत्तर देतो, मलाही लपायचं नाही.

मेसेजमध्ये 'राष्ट्राध्यक्ष' आहे, हो ची मिन्ह हे नाव तुम्ही घातलंत. त्यांच्यानंतर दुसरे कोणी झालेच नाहीत का? व्हिएतनामी भाषेतली किती कागदपत्रं तुम्ही वाचलीत? पुरावा सापडला नाही म्हणजे घडलंच नाही, हा कुठला न्याय? गनिमी कावा जगाने आपल्याकडून घेतला यात काय अशक्य आहे?

माझ्या गावातली पोरं संध्याकाळी नाक्यावर काय करत बसायची ते मी पाहिलंय. २०१७ च्या शिवजयंतीला हा मजकूर फलकावर लावला. एकाने वाचून विचारलं, "दादा, खरंच आपल्या राजाकडून ते शिकले?" त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या गावातून गडावर गाडी गेली. आज तीन गाड्या जातात. गेल्या उन्हाळ्यात याच पोरांनी टाक्यातला गाळ हातांनी उपसला. तुम्ही पुस्तकं वाचून किती जणांना गडावर नेलंत?

दूरदेशी

मी दोन वर्षं हनोईत नोकरीला होतो. वडील साताऱ्याला. जायच्या आधी त्यांचं एकच मागणं होतं, त्या समाधीवरच्या ओळीचा फोटो काढून आण.

गेलो. बा दिन्ह चौकात करड्या दगडाची प्रचंड वास्तू आहे. भली मोठी रांग. आत टोपी काढायची, बोलायचं नाही, हात खिशात घालायचे नाहीत, फोटो बंद. काचेच्या पेटीत हो ची मिन्ह यांचा देह जतन करून ठेवलाय. त्यांनी स्वतः मृत्युपत्रात दहन करा असं लिहिलं होतं, तरी ठेवलाय. दर्शनी भागावर त्यांचं पद आणि नाव एवढंच कोरलेलं आहे. मी रांगेत दोनदा उभा राहिलो. दुसऱ्यांदा फक्त ती ओळ शोधायला. नाही.

तिथल्या सहकाऱ्यांना विचारलं. महाराजांचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. मग एक जण मला बाख डांग नदीची गोष्ट सांगायला लागला. १२८८ साली त्यांचा सेनापती त्रान हुंग दाओ याने नदीच्या तळाशी लाकडी सुळके रोवले, भरतीच्या वेळी मंगोलांची जहाजं आत येऊ दिली, ओहोटी लागल्यावर ती त्याच सुळक्यांवर फाटली. सांगताना त्याचा चेहरा, आपल्याकडे प्रतापगड सांगताना आजोबांचा होतो ना, अगदी तसा होता. महाराजांच्या जन्माआधी साडेतीनशे वर्षं ही माणसं अशी लढत होती. त्यांनी रक्त सांडून मिळवलेलं श्रेय आपण घरबसल्या आपल्या नावावर घेतो, हे मला फार वाईट वाटलं.

फोनवर वडिलांना सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू नीट पाहिलं नसशील."

मास्तर

मी ३१ वर्षं मराठी शाळेत इतिहास शिकवला. रानवाट यांचं म्हणणं पटलं. पण रोगाचं मूळ कोणी बोलत नाही. आपल्या मुलांना स्वतःचा इतिहासच शिकवला जात नाही, म्हणून मेसेजवर भूक भागवावी लागते. हे मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवलंय. २ फेब्रुवारी १८३५ ला त्याने ब्रिटिश पार्लमेंटात सांगितलं की मी भारत आडवाउभा फिरलो, एक भिकारी दिसला नाही, एक चोर दिसला नाही, यांचा कणा मोडायचा तर यांचं शिक्षण बदला. त्याचं फळ म्हणजे आजची इंग्रजी शाळा. माझ्या शाळेत एकेकाळी इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या. मी निवृत्त झालो तेव्हा पहिलीत सात मुलं होती.

उंबरठा

मास्तर, राग मानू नका, पण ज्या धाग्यावर न तपासलेल्या मेसेजची चर्चा चाललीय तिथेच तुम्ही दुसरा आणून ठेवलात. २ फेब्रुवारी १८३५ ला मेकॉले पार्लमेंटात नव्हताच, तो कलकत्त्यात होता. १८३४ मध्येच भारतात आला होता. त्या तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण आहे, त्यात हे भिकारी-चोर काही नाही.

आणि इंग्रजी शाळेवर घसरायचं कारण नव्हतं. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. घरात शुद्ध मराठी बोलते, मोडी शिकतेय. तुमच्यासारख्यांनी आमच्यासारख्या आयांना गुन्हेगार ठरवणं आता थांबवा.

मास्तर

टिपण मी वाचलंय ताई. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे, असं त्याने त्यात लिहिलंय. हे कमी आहे का? पार्लमेंटातलं भाषण खोटं असेल तर मागे घेतो. वर्गात कितीतरी वर्षं सांगितलं, याचं वाईट वाटतंय. पण माझा मुद्दा तसाच उभा आहे.

तुमची मुलगी मोडी शिकते, आनंद आहे. पण तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांचं काय? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या एकाही मुलाचं नाव मराठी शाळेत घातलं गेलं नाही.

उंबरठा

तर शाळा चांगली करा! मी आधी मराठी शाळेतच घातलं होतं तिला. नाव घेत नाही. दुसरीत वर्षभर बाईच नव्हत्या, शेजारच्या वर्गाच्या बाई दोन्ही वर्ग एकत्र बसवायच्या. शौचालयाला कडी नव्हती. मुलगी दिवसभर पाणी प्यायची नाही. कोणत्या अस्मितेसाठी मी तिला तिथे ठेवायला हवं होतं? २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा सर्वांत जास्त आनंद आमच्यासारख्यांना झाला. आम्हाला मराठी नको आहे हा समज कुठून आला तेही एकदा तपासा.

मास्तर

कडी नसणं ही आमची चूक. मान्य. आम्ही अर्ज केले, पुरेसं भांडलो नाही. पण तुमच्यासारखे चार पालक टिकले असते तर ती कडी बसली असती.

उंबरठा

मुलीच्या जिवावर प्रयोग करत नाही मी.

किल्लेदार

घ्या! महाराजांवरून सुरुवात झाली आणि कडीवर आलात. यालाच मी उकरणं म्हणतो. सगळं खोटं ठरवायचं, मग एकमेकांवर धावायचं. माझा साधा प्रश्न तसाच पडून आहे: नुकसान कोणाचं होतंय?

निशिगंध

मी इथे फक्त वाचते. पण हा प्रश्न तिसऱ्यांदा आला म्हणून लिहिते.

माझं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात. २०१८ च्या जूनमध्ये आमच्याकडे मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज रोज यायचे. मोटारसायकलवरून मूल उचलून नेतात अशी एक चित्रफीत होती. ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला बनवली होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवट कापला होता. पाठवणाऱ्यांत माझे वडीलही होते. मी म्हटलं, दादा, आधी खरं आहे का बघा. ते म्हणाले, "सावध केलेलं बरं. नुकसान कोणाचं होतंय?"

१ जुलैला रविवार होता, राईनपाड्याला आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं तिथे आली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारून टाकलं. पाचही जणांना.

माझा भाऊ गाडीवर कपडे घेऊन पाड्यापाड्यावर विकायचा. त्यानंतर दोन महिने घरी बसला. अनोळखी पाड्यावर जायला आजही घाबरतो. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वडिलांनी त्या दिवसापासून एकही मेसेज पुढे पाठवलेला नाही. त्यावर ते बोलतही नाहीत.

किल्लेदार

हे अति झालं. महाराजांचा गौरव आणि पाच खून एका तागडीत? मला खुनी म्हणताय तुम्ही. माफी मागा.

निशिगंध

तुम्हाला खुनी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. माझ्या वडिलांनाही कधी म्हटलं नाही. तुम्ही लिहिलेलं ते वाक्य मी आमच्या ओसरीवर ऐकलेलं आहे, एवढंच सांगितलं.

रानवाट

किल्लेदार, टाक्यातला गाळ उपसणाऱ्या त्या पोरांबद्दल मला मनापासून आदर आहे. मी तुमच्याएवढी मुलं गडावर नेलेली नाहीत, एकही नाही, हे उघड कबूल करतो. पण उद्या यातलाच एखादा उदयपूरला नोकरीला गेला आणि त्याच्यासमोर कोणी फोन पुढे केला तर? त्याला फक्त तो मेसेज खोटा वाटेल, की तुम्ही सांगितलेलं सगळंच? १७ ऑगस्ट १६६६ चं आग्रा खरं आहे. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड खरा आहे. पोराला गडावर न्यायला हे कमी पडतं का?

किल्लेदार

आग्रा-प्रतापगड आमच्या पोरांना तोंडपाठ आहे, ते मला शिकवू नका.

समाधीची ओळ काढतो. दूरदेशी दोनदा रांगेत उभे राहिले, त्यांच्या शब्दावर काढतो, तुमच्या तारखांवर नाही. व्हिएतनामला महाराज माहीतच नव्हते हे मात्र मी मानलेलं नाही. यंदाचा फलक छापून आलाय, पुन्हा छापायला मंडळाकडे पैसे नाहीत. त्या ओळीवर भगवी पट्टी चिकटवतो.

रानवाट

आणि वरची पत्रकारांची ओळ?

किल्लेदार

ती राहणार.

दूरदेशी

किल्लेदार, पट्टी थोडी रुंद घ्या. तुमच्या गाडीत जागा असेल तर या वेळी वडिलांना घेऊन मीही येतो.