बाबांना पूर्ण बत्तिशी इम्प्लांटची बसवायची का? नागपुरात कोणी केलं असेल तर सांगा प्लीज

मानेवाड्याची लेक
नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे आहेत, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. तीसेक वर्ष सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला, चार वर्षांपूर्वी सोडला. खालचे सगळे दात गेले, वर पाच उरलेत. मागच्या वर्षी कवळी करून घेतली, वरची ठीक बसते पण खालची जेवताना नुसती नाचते. भाकरीचा कण खाली शिरला की बाबा काही न बोलता उठतात, बेसिनपाशी जाऊन कवळी धुतात आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवतात, मग दाळ-भात कालवून तेवढाच खातात. लग्नाकार्यात तर आता जेवायलाच बसत नाहीत, बघवत नाही हो.

एका क्लिनिकमध्ये दाखवलं. वरचे पाचही काढून टाकू, वर चार खाली चार इम्प्लांट (दात बसवायला हाडात घालायचे स्क्रू), तीन दिवसांत फिक्स दात, साडेपाच लाख. आणि या आठवड्यात ॲडव्हान्स भरला तर पन्नास हजार कमी म्हणून राहिले. आईची एफडी मोडावी लागेल. बाबा म्हणतात माझ्यावर एवढा खर्च कायले करता. काय करू?

हिंगणा टी पॉइंट
ताई, मी ६३ चा आहे, अडीच वर्षांपूर्वी खालच्या जबड्यात चार इम्प्लांटवर फिक्स दात बसवले. आज ज्वारीची भाकरी, भाजलेले दाणे सगळं खातो, त्यामुळे चीज चांगली आहे हे आधी सांगतो.

पण ते तीन दिवसांचं नीट समजून घ्या. तीन दिवसांत मिळतात ते ॲक्रिलिकचे तात्पुरते दात, आणि तेही स्क्रू हाडात घट्ट बसला तरच लावतात. टायटॅनियमला हाड धरायला खाली तीनेक महिने लागतात आणि वरचं हाड भुसभुशीत म्हणून तिथे जास्तच, चार ते सहा महिने धरून चाला. तोवर मऊ खिचडी, उपमा, वरण-भात. मी दुसऱ्याच महिन्यात कडक शेव चावली आणि एक दात टचकन उडाला, कारण आपल्या दातांच्या मुळाशी जी जाणीव असते ती याला नसते, किती जोर लागून राहिला ते कळतच नाही.

आणि साफसफाई. रोज रात्री आरशासमोर उभं राहून दातांच्या खालून जाड धागा ओवावा लागतो, दहा मिनिटं जातात. इम्प्लांट किडत नाही पण भोवतीची हिरडी सुजली की आतलं हाड खाते. बाबा हे रोज करतील का ते आधी बघा.

लॅबवाला दादा
मी पंचवीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, पण कवळ्या, ब्रिज रोज हातून जातात म्हणून लिहितो.

खालची कवळी नाचणं हा बाबांचा दोष नाही आणि बरेचदा बनवणाऱ्याचाही नाही. वरची टाळूला चिकटून राहते, खालचीला टेकायला फक्त घोड्याच्या नालेएवढी पट्टी असते, वरून जीभ सतत ढकलते आणि दात गेल्यावर हाड वर्षागणिक झिजत जातं. म्हणून त्रास खाली आहे तर खर्च आधी खाली करा. पुढच्या भागात फक्त दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचबटणासारखी बसणारी कवळी. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते, त्यांनी बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय धरावा असं सांगितलं. रात्री काढून धुता येते. आतले नायलॉनचे वायसर झिजतात, ते अधूनमधून बदलावे लागतात. वरच्या पाचांपैकी एखादा वाचत असेल तर तोही उगाच काढू देऊ नका.

अजून एक, बाबांना तोंड उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं उभी धरून आत जातात का बघा. खर्ऱ्यातल्या सुपारीनं तोंड आतून आखडतं, मग मागच्या दाढांच्या जागी मशीनच जात नाही.

वर्धेची सून
मी वाईट अनुभव सांगते, कारण आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही. सासूबाईंचं असंच ऑफरच्या घाईत केलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ९.६ होती, कोणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. सात महिन्यांत वरचे दोन इम्प्लांट हलायला लागले आणि काढावे लागले. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो तर ते म्हणाले कोणत्या कंपनीचे आहेत सांगा, नाहीतर कव्हर उघडायला नेमका पाना कुठून आणू? आमच्याकडे एक चिठ्ठी नव्हती आणि ते क्लिनिक तोवर बंद झालं होतं. म्हणून प्रत्येक इम्प्लांटची कंपनी, साइज आणि पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. बिलात पक्के दात धरलेत का हेही लेखी घ्या, आमचे साडेचार लाख तात्पुरत्या दातांपर्यंतचेच निघाले. हाडांसाठी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा, आणि मनानं बंद करू नका.

मानेवाड्याची लेक
सगळ्यांचे खूप आभार. काल जेवण झाल्यावर बाबांना तोंड उघडायला सांगितलं. दोनच बोटं जातात. घास बारीक करूनच खायची सवय झाली होती म्हणून आमच्या लक्षातच आलं नाही. तीन महिन्यांची शुगर ८.४ आली. ॲडव्हान्स भरत नाही, सोमवारी मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेते. दोन बोटांत खालचे इम्प्लांट होतात का हो?

लॅबवाला दादा
ताई, खालचे दोन अगदी समोर येतात त्यामुळे बरेचदा होतात, ते डॉक्टर बघून सांगतील. पण इम्प्लांट नंतर. आधी गालाच्या आतून, जिभेखालून पांढरे-लाल चट्टे आहेत का ते नीट तपासून घ्या, खर्रा सोडून चार वर्षं झाली तरी. केस पेपर काढताना खर्ऱ्याचं स्वतःहून सांगा, बाबा लपवतील. आणि जुनी कवळी सोबत न्या, नीट असेल तर त्यातच बटणं बसवता येतात, नवी करायचा खर्च वाचतो.

मानेवाड्याची लेक
रुमालासकट घेऊन जाते दादा. सोमवारी रात्री इथेच लिहिते.