गाडी उचलून नेली तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

टोइंगचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो नियम मोडलात तर भोगा, दुसरा म्हणतो हा निव्वळ लुटायचा धंदा. तो वाद इथे नको, त्यावर बोलायला कट्टा आहेच. मला हवेत अनुभव: गाडी जागेवर नाही हे कळल्यावर काय केलंत, ती कुठे सापडली आणि हातात आली तेव्हा कशी होती.

माझा आधी टाकते. दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीत स्कूटर लावली होती. तिथे पी१-पी२ आहे, म्हणजे सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. पण कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे फलकाचा नुसता दांडा दिसत होता. परत आले तर गाडी गायब. पानवाला न विचारताच म्हणाला, "ताई, आत्ताच नेली. रिक्षावाल्याला नुसतं चौकी म्हणा, त्याला माहिती असतं." चौकीबाहेर गाड्यांची रांग, आणि माझ्या गाडीच्या हुकाला रांगोळीची पिशवी तशीच लटकलेली. पुड्या मात्र फुटलेल्या, पाय ठेवायची जागा अख्खी निळी-गुलाबी. फ्लेक्सचा फोटो दाखवला तर उत्तर मिळालं, "मॅडम, तक्रार ऑनलाइन करा, आत्ता पैसे भरा." दंड 500, त्यावर टोइंगचे, त्यावर जीएसटी. तो निळा रंग अजून रबराच्या खाचेत आहे.

घोडबंदरचा वाटसरू
पैशांचं दुःख नाही हो, गाडीचे हाल बघवत नाहीत. माझ्या बाईकला हँडल लॉक होतं. ते असलं की गाडी सरळ ढकलता येत नाही, मग पोरं पुढचं चाक फरफटत वळवतात आणि उचलून टेम्पोत आदळतात. सोडवून आणली तर हँडल सरळ धरल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "टी वाकलाय." म्हणजे हँडलला पुढच्या चाकाशी जोडणारा भाग. दंडाच्या तिप्पट खर्च. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, पावती फाडायच्या आधी चौकीतच चारही बाजूंनी फोटो काढा. बाहेर पडल्यावर कोणी ऐकून घेत नाही.

नाव नको
दुसरी बाजू सांगू का? कॉलेजात असताना मी एका ठेकेदाराकडे टोइंगच्या गाडीवर होतो. पैसे नगावर मिळायचे, त्यामुळे जी पटकन उचलली जाईल ती पहिली. मधल्या स्टँडवरची स्कूटर सगळ्यात सोपी: एक जण हँडलला, एक जण मागच्या कॅरियरला, की गेली वर. बुलेटला कोणी हात लावत नसे, कमरेचा काटा ढिला व्हायचा. साहेब पुढे बसून माइकवरून नंबर पुकारायचे, पण आमचा हात आधीच गाडीला लागलेला असायचा, हे खरं आहे. आईबहिणीवरून शिव्या रोजच्या. एकदा एका आजोबांनी गाडी सोडवून घेतली आणि वर आम्हाला चहा पाजला. शिव्या विसरलो, ते आजोबा लक्षात आहेत.

पेठकर
@नाव नको, नंबर पुकारायचे म्हणता, तो भोंगा मला कधीच ऐकू आला नाही. बाकी +१.

काळा कोट
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988, कलम 127. सार्वजनिक जागी 10 तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली, किंवा पार्किंगला बंदी असलेल्या जागी लावलेली गाडी उचलता येते. मात्र ते सांगायला गणवेशातला पोलीस अधिकारी हवा, ठेकेदाराच्या पोरांनी परस्पर ठरवायचं नाही. टोइंगचा खर्च मालकाच्याच माथी, दंड वेगळा. गाडीत माणूस असताना ती ओढणं हा तर निव्वळ अडाणीपणा. मालाडला 2017 मध्ये एक बाई मागच्या सीटवर बाळाला पाजत असताना कार ओढली, व्हिडिओ फिरला आणि हवालदार निलंबित झाला. पुण्यात नाना पेठेत 2021 मध्ये दुचाकी उचलली ती वर बसलेल्या माणसासकट. बंगळुरूत लोक इतके चिडले की 2022 मध्ये टोइंगच थांबवावं लागलं.

शिकागोची सूनबाई
इथलं ऐका. 1 डिसेंबर ते 1 एप्रिल, पहाटे 3 ते 7, ठरावीक मोठ्या रस्त्यांवर गाडी ठेवायची नाही. असे रस्ते 107 मैल आहेत. बर्फ पडो न पडो! आमच्याकडे राहायला आलेल्या भाच्याची गाडी गेली तेव्हा आकाश निरभ्र, रस्ता कोरडा ठणठणीत. टोइंगचे 150 डॉलर, तिकिटाचे 60 आणि ठेवणावळ दिवसाला 25. गाडी कुठे आहे ते मात्र नंबर टाकला की ऑनलाइन लगेच दिसतं. ती निघाली लोअर वॅकरला, म्हणजे रस्त्याखालच्या रस्त्यावर. तिथे जीपीएस गटांगळ्या खातो. भाचा फोनवर, "मामी, मॅप म्हणतोय मी नदीत आहे."

साधा माणूस
वडिलांना कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा कार दारातच सोडली होती. नेली. रात्री चौकीत गेलो. हवालदारांनी केसपेपर बघितला, "बाबा कसे आहेत?" विचारलं आणि नुसत्या दंडावर सोडली. असेही असतात.

मेघना_नाशिक
एक शंका. गाडी भावाच्या नावावर आहे आणि तो पुण्याला असतो. उचलली तर आरसी मागतील ना? मोबाइलमधली चालते का?

काळा कोट
डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली आरसी मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे, 2018 पासून. फोटो किंवा झेरॉक्स नको. भावाच्या डिजिलॉकरमध्ये असेल तर तुमच्याही एमपरिवहनवर घेऊन ठेवा, तो शेअर करू शकतो. आणि चार्जिंग बघा, चौकीत पॉइंट नसतो.