'वर्किंग पुअर'ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन :
नमस्कार मंडळी. एका मासिकासाठी युरोपातल्या कामगारांच्या उत्पन्नावर लेख लिहिते आहे आणि 'वर्किंग पुअर' या शब्दापाशी अडले आहे. ज्यांना काम आहे, पगार येतो, तरीही ज्यांचं घर गरीबच राहतं, असे लोक. युरोपीय संघात काम करणाऱ्या दर बारा माणसांत साधारण एक जण यात मोडतो. गेल्या दशकभरात हे प्रमाण आठ ते दहा टक्क्यांच्या मध्येच फिरतंय. रोमानियात ते बरंच जास्त, फिनलंडमध्ये अगदी कमी. 'श्रमिक गरीब', 'कार्यरत दरिद्री' असे शब्द वाचनात आले, पण ते सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखे वाटतात. आणि दुसरा प्रश्न, 'मिनिमम वेज' आणि 'लिव्हिंग वेज' यांत मराठीत फरक कसा दाखवायचा?

गिरणगावकर :
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तयार आहे. कामगार कायद्याच्या मराठीत तीन पायऱ्या आहेत: किमान वेतन, वाजवी वेतन, निर्वाह वेतन. 1948 साली वाजवी वेतन समितीने हा फरक केला. किमान म्हणजे ज्याच्या खाली जायचं नाही. निर्वाह म्हणजे ज्यात घर नीट चालतं, पोरांचं शिक्षण होतं, दुखण्याखुपण्याला चार पैसे बाजूला राहतात. वाजवी या दोहोंच्या मध्ये, धंद्याची ऐपत पाहून ठरायचं. आपल्या राज्यघटनेच्या 43 व्या कलमातही 'निर्वाह वेतन' हाच शब्द आहे. तेव्हा नवा शब्द घडवायची गरज नाही, ताई.

फक्त इंग्लंडबद्दल लिहिताना जपून. 2001 साली पूर्व लंडनमधल्या रहिवाशांनी आणि सफाई कामगारांनी निर्वाह वेतनाची मोहीम सुरू केली. पुढे 2016 मध्ये तिथल्या सरकारने कायद्याच्या किमान वेतनालाच 'नॅशनल लिव्हिंग वेज' असं नाव दिलं. मोहीमवाले घरखर्चाचा हिशेब मांडून आपला वेगळा दर जाहीर करतात आणि तो जास्त असतो. मालकांवर त्याची सक्ती नाही. सरकारी दराला तुम्ही 'निर्वाह वेतन' लिहिलंत, तर मराठी वाचकाला वाटेल की तिथे घटनेतलं वचन पुरं झालं. ते किमान वेतनच आहे, तसंच लिहा.

पाणवठा :
पहिल्या शब्दाला 'हातावर पोट असलेले' का नाही चालणार? सगळ्यांना कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

ऱ्हाइनकाठ :
मी जर्मनीत राहते, म्हणून लिहावंसं वाटलं. 'हातावर पोट' म्हटलं की रोजंदारी डोळ्यांपुढे येते. आज काम मिळालं तर आज चूल पेटणार. इथल्या ज्या माणसांबद्दल आपण बोलतोय त्यांच्या हातात लेखी करार असतो, पगाराची पावती असते, बँकेत ठरल्या तारखेला पैसे येतात. तरी पुरत नाही.

'मिनीजॉब' नावाचा प्रकार सांगते. महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत कमावलं तर आयकर जवळजवळ नाही आणि आरोग्य व बेकारी विम्याचा हप्ता पगारातून कापला जात नाही. 2026 साली ही मर्यादा 603 युरो आहे आणि किमान वेतन ताशी 13.90 युरो. भागाकार करून बघा, महिन्याला जेमतेम 43 तास होतात. म्हणजे आठवड्याला दहा. कार्यालयं झाडणाऱ्या, हॉटेलात ताटं धुणाऱ्या, दुकानात माल लावणाऱ्या कितीतरी जणी या 43 तासांत अडकल्या आहेत. मर्यादेच्या वर पाऊल टाकलं की कापाकापी सुरू होते, नवऱ्याच्या कराच्या गणितातही फरक पडतो, आणि मालकालाही तासांचे असे तुकडेच सोयीचे पडतात. बेकारी विम्याचा हप्ता नाही, म्हणून बेकारी भत्ताही नाही. 2020 च्या टाळेबंदीत बेकारी विमा असलेल्या कामगारांना सरकारने कमी झालेल्या तासांची भरपाई दिली, मिनीजॉबवाल्यांना ती लागू नव्हती. हॉटेलं बंद झाली तशा या बायका सरळ घरी बसल्या.

यांचा ताशी दर कायद्याप्रमाणेच आहे, एक सेंटही कमी नाही. त्यामुळे 'कमी पगारवाले' म्हटलं तरी नेमकं दुखणं सुटतं. यांचे तासच कमी आहेत.

आकडेमोड :
ऱ्हाइनकाठ यांचा मुद्दा पुढे नेतो. युरोपच्या सांख्यिकी कार्यालयाची व्याख्या पाहिली तर शब्द निवडायला मदत होईल. वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ जो कामावर आहे, आणि ज्याच्या घराचं उत्पन्न देशाच्या मध्यकाच्या 60 टक्क्यांखाली आहे, तो या गटात. यातले दोन शब्द महत्त्वाचे, 'मध्यक' आणि 'घराचं'.

मध्यक म्हणजे सरासरी नव्हे. सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणे ओळीने उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचं उत्पन्न. ओळीच्या टोकाचा अब्जाधीश आणखी श्रीमंत झाला तर सरासरी वर जाते, मध्यक जागचा हलत नाही. म्हणून कृपया 'सरासरी उत्पन्नाच्या 60 टक्के' असं लिहू नका, वृत्तपत्रांत ही चूक सर्रास होते. 'दारिद्र्यरेषा' हा शब्दही जपून वापरा. आपल्याकडे ती पोटाला किती लागतं यावरून निघाली. तिथली रेषा इतरांच्या मानाने तुम्ही किती मागे पडलात हे सांगते, म्हणजे ती मुळात विषमतेची मोजणी आहे. त्या कार्यालयाचा स्वतःचा शब्दही 'गरीब' असा नाही, 'गरिबीचा धोका असलेले' असा आहे.

आता 'घराचं'. उत्पन्न माणशी मोजतात, पण सरळ डोकी मोजून भागत नाहीत. पहिल्या प्रौढाला 1, चौदा वर्षांवरच्या इतर प्रत्येकाला 0.5, त्याहून लहान मुलाला 0.3. आईबाप आणि दोन लहान मुलं म्हणजे 2.1. समजा एका देशात मध्यक महिना 2000 युरो आहे. एकट्या माणसासाठी रेषा 1200 ला. एका बाईला हातात 1800 मिळतात. एकटी राहत असेल तर ती रेषेच्या पुष्कळ वर. तीच बाई नवरा आणि दोन लहान मुलं सांभाळत असेल आणि घरात दुसरी कमाई नसेल, तर रेषा 2520 वर जाते आणि सगळं घर खाली. काम तेच, मालक तोच, पावती तीच. म्हणून 'गरीब कामगार' या शब्दाला माझा विरोध आहे. गरिबी त्या माणसाला चिकटलेला गुण वाटतो. 'कामातली गरिबी' किंवा 'नोकरीतली गरिबी' म्हणा, आणि माणसांबद्दल बोलायचं तेव्हा 'कमावती पण गरीब घरं'.

गिरणगावकर :
आकडेमोड साहेब, तुमचे हे 1 आणि 0.5 वाचून 1957 ची भारतीय श्रम परिषद आठवली. गरजेवर आधारलेलं किमान वेतन ठरवताना एका कमावत्या माणसामागे तीन घटक, म्हणजे तीन प्रौढांइतकी खाणारी तोंडं, धरली होती, माणशी 2700 उष्मांक आणि घराला वर्षाला 72 वार कापड. आमच्या संघटनेत मागणीपत्र करताना हेच कोष्टक पुढ्यात असायचं. पगार घराकडे बघूनच ठरवायचा, हा विचार मराठी कामगाराला नवा नाही.

आकडेमोड :
आणि तो युरोपातही जुनाच आहे. सीबोम राउंट्रीने 1899 साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कामगारांच्या घरोघरी माहिती गोळा करवली आणि 1901 मध्ये छापली. ज्यांचं सगळं उत्पन्न जीव जगवायलाही अपुरं होतं, अशा लोकांपैकी निम्म्याहून अधिक घरांत कमावता माणूस नियमित कामावर होता. तरी घर उपाशी, कारण मजुरीच तुटपुंजी. दुसरं मोठं कारण, खाणारी तोंडं जास्त. आळस आणि दारू ही कारणं सांगणाऱ्या तेव्हाच्या भल्याभल्यांना त्या आकड्यांनी उत्तर दिलं. राउंट्री स्वतः चॉकलेट कारखानदारांच्या घरातला होता, हेही लेखात येऊ द्या.

शाईपेन :
खूप आभार. म्हणजे वाटा तीन झाल्या: ताशी दर कमी, तास कमी, आणि एका पगारावर तोंडं अनेक. लेखाची मांडणी यावरच करते. 2022 च्या ऑक्टोबरमधल्या युरोपीय संघाच्या किमान वेतन निर्देशाबद्दलही (निर्देश म्हणजे सभासद देशांनी आपले कायदे ज्याला धरून करायचे तो संघाचा नियम) लिहायचं आहे. त्यात 'कलेक्टिव्ह बार्गेनिंग'वर मोठा भर आहे. शब्दकोशात 'सामूहिक सौदेबाजी' दिलंय. ते वापरू?

गिरणगावकर :
नको. सौदेबाजी म्हटलं की वाचकाला कोणीतरी कोणाला विकलं असं वाटतं. आम्ही मागणीपत्र द्यायचो, वाटाघाटी व्हायच्या, करार व्हायचा. 'सामुदायिक वाटाघाटी' लिहा, आणि पुढे 'इतके टक्के कामगार वेतन कराराखाली येतात' असं सरळ म्हणा.

निर्देशातला गाभा तोच आहे. तो सगळ्या देशांना एक दर लावत नाही. किमान वेतन पुरेसं आहे का हे तपासायला कायद्याने ते असलेल्या देशांना एक माप सुचवतो: पगारांच्या मध्यकाच्या 60 टक्के किंवा सरासरी पगाराच्या 50 टक्के. आणि ज्या देशात कराराखालचे कामगार 80 टक्क्यांहून कमी, त्या देशाने ते वाढवायचा कृती आराखडा करायचा. डेन्मार्कने याविरुद्ध युरोपीय न्यायालयात दाद मागितली होती. नोव्हेंबर 2025 च्या निकालात दोन तरतुदी रद्द झाल्या, बाकी निर्देश टिकला.

डेन्मार्कचा विरोध ऐकून तिथे मजुरी कमी असेल असं समजू नका. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रिया, इटली या पाच देशांत कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही. तिथे संघटनांचे करार हाच कायदा. ऑस्ट्रियात जवळपास सगळे कामगार कराराखाली येतात, कारण मालकांना त्यांच्या चेंबरचं, म्हणजे मालक संघाचं, सभासदत्व सक्तीचं आहे आणि चेंबरने सही केली की सगळे बांधले गेले. माझ्या मते कामगाराची गरिबी हटवायची खरी ताकद इथे आहे. दर कायद्याने वाढतो, पण तास, पाळ्या, बढती, कायम करणं हे करारातच मिळतं.

ऱ्हाइनकाठ :
कायद्याचा दर कमी लेखू नका, काका. जर्मनीत 2015 पर्यंत सर्वांना लागू असं किमान वेतनच नव्हतं आणि कराराखाली जेमतेम निम्मे कामगार उरले आहेत. 8.50 युरोने सुरुवात झाली तेव्हा सगळ्यात तळातल्या लोकांचा पगार प्रत्यक्ष वाढला. स्पेननेही 2019 मध्ये एका झटक्यात 22 टक्के वाढ केली. जिथे संघटना पोचतच नाही, तिथे बाईच्या बाजूने कायदा तरी उभा राहतो.

गिरणगावकर :
मान्य. दोन्ही हवेत. इटलीत करार कागदावर भरपूर आहेत, पण कोणी ओळखत नाही अशा संघटनांशी मालक कमी दराचे करार करून टाकतात. तिथले लोक त्यांना 'चाचे करार' म्हणतात. कायद्याचा तळ नसला की असं होतं.

शाईपेन :
इटलीचा विषय निघालाच आहे तर, शेतमजूर पुरवणाऱ्या 'कापोराले'ला काय म्हणू? मी 'दलाल' लिहिलंय.

पाणवठा :
मुकादम! दुसरा शब्दच नाही. आमच्या बीडकडून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर जाणाऱ्या टोळ्या मुकादमच नेतो. उचल तोच देतो, हिशेब तोच ठेवतो, आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे एक जोडी, मोजतो. दलाल मध्ये हात मारून निघून जातो, मुकादम हंगामभर मानेवर असतो. कापोराले काय करतो ते वाचलं: पहाटे गाडीत भरून शेतावर नेणं, गाडीभाडं आणि पाण्याच्या बाटलीचेही पैसे मजुरीतून कापणं, उद्या कोणाला बोलवायचं हे ठरवणं. उचलीची पद्धत तेवढी तिथे आपल्यासारखी नाही, एवढा फरक लेखात सांगा.

रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या पट्ट्यात हजारो पंजाबी मजूर भाजीपाल्याच्या शेतांवर आहेत. एप्रिल 2016 मध्ये त्यांनी लातिना शहरात संप केला. त्याच वर्षाअखेरीस इटलीने कायदा कडक केला आणि मुकादमासोबत शेतमालकालाही गुन्हेगार धरलं. आमच्याकडे मुकादमाशी भांडण झालं की कारखाना हात झटकतो, म्हणून हे वाक्य लेखातून गाळू नका.

ऱ्हाइनकाठ :
माझाही एक शब्द अडलाय. दुचाकीवरून जेवण पोचवणारी पोरं युरोपात बऱ्याच ठिकाणी कागदावर 'स्वतंत्र व्यावसायिक' असतात. दर, वेळ, रस्ता सगळं ॲप ठरवतं, पण मालक कोणीच नाही, म्हणून किमान वेतनही लागू नाही. 2024 च्या युरोपीय निर्देशाने नियम केलाय की कंपनीचं नियंत्रण दिसत असेल तर ती नोकरीच मानायची, आणि नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. देशांना डिसेंबर 2026 पर्यंत कायदे बदलायचे आहेत. या 'खोट्या स्वयंरोजगारा'ला बोलीत काय म्हणता येईल? आणि इंग्लंडच्या 'झीरो अवर' करारालाही, ज्यात किती तास काम मिळेल याची हमीच नसते?

गिरणगावकर :
दुसऱ्याला आमच्या गिरणीतला शब्द जवळचा आहे, बदली कामगार. पाळी सुरू व्हायच्या वेळी फाटकाशी उभं राहायचं, कायम माणूस गैरहजर असला तर आत, नाहीतर परत घरी. फोनवर निरोप येईपर्यंत थांबणारा इंग्लंडचा कामगार याच जातीचा. मात्र बदलीवाल्याला कधीतरी कायम होण्याची आशा होती. म्हणून शब्द जसाच्या तसा न वापरता 'शून्य तासांचा करार' लिहा आणि खुलाशात बदली कामगार आणा.

पहिल्याला मी 'नावापुरता धंदेवाला' म्हणेन. 'स्वयंरोजगार' हा आपल्याकडे सरकारी योजनांमुळे चांगल्या अर्थाचा शब्द झाला आहे, 'खोटा' लावल्याने दोष त्या पोराकडे जातो. 'नावापुरता' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, हे नाव त्याला दिलं कोणी?

शाईपेन :
'नावापुरता धंदेवाला', 'मुकादम' आणि 'कामातली गरिबी' हे तिन्ही घेते आहे. बेल्जियममध्ये महागाई निर्देशांक वाढला की पगार आपोआप वाढतो, त्याला 'महागाई भत्ता' म्हटलं तर चालेल का? तिथे वेगळा भत्ता नसून मूळ पगारच वाढतो, म्हणून शंका आहे.

आकडेमोड :
मग भत्ता नको. 'महागाईशी जोडलेला पगार' म्हणा.