मदत हवी आहे : माझी भीती लेकीत उतरतेय का?

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत राहतो. मला चार वर्षांपासून अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सतत भीती-काळजी वाटण्याचा आजार आहे, गोळ्या आणि समुपदेशन चालू आहे. प्रश्न लेकीचा आहे. सात वर्षांची, दुसरीत.

पाऊस लागला की उठल्या उठल्या विचारते, "आई, राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" पंचगंगेची पातळी तिथं मोजतात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे पाढ्यासारखं पाठ. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, पण तेव्हा ती तान्ही, आजोळी होती. तिनं तो पूर बघितलेलाच नाही. तिनं बघितलंय ते मोबाइलवर पातळी बघताना माझं तोंड.

परवा दप्तर आवरताना पुस्तकांखाली गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी सापडली. आत तिचं आधार कार्ड, बाहुलीचा फ्रॉक आणि माझ्या गोळ्यांची एक स्ट्रिप. हे तिला कुणी शिकवलं नाही. दरवर्षी जूनमध्ये मीच कागदपत्रं तशी बांधते.

शाळा असली की पोट दुखतं, रविवारी नाही. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीया, हे म्हणतात लक्ष देऊ नको. मी "नाही येत पाणी" म्हणते, दहा मिनिटं बरं, की परत तोच प्रश्न.

माझा आजार तिच्यापासून लपवू की सांगू?

प्रतिसाद : ताई, मी शाळेत समुपदेशन करते. लपवू नका. कारण माहीत नसलं की मुलं ते स्वतःवर घेतात. थोडं अनुवंशानं येतं, पण सगळं नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये अशाच १३६ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत आईवडील आणि मुलांना एकत्र समुपदेशन मिळालं, तिथं वर्षभरात आजार सुरू झालेली मुलं बाकीच्यांपेक्षा बरीच कमी होती. तुमच्या डॉक्टरांना लेकीबद्दल सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलतात. पोटदुखीसाठी शाळा मात्र बुडवू देऊ नका, घरी राहिली की भीती वाढते.

धागाकर्ती : मनापासून आभार. आज रात्री विचारलं तर नेमकं काय बोलू?

प्रतिसाद : "मलाही धाकधूक होतेय गं. उद्या सकाळी सातला दोघी मिळून एकदाच बघू." परत विचारलं तरी तेवढंच. आणि ती पिशवी काढून टाकू नका. तिच्याबरोबर बसून नीट भरा. गोळ्या तेवढ्या मागून घ्या, "ह्या माझ्या मी सांभाळते" म्हणून.