शांतता संग्रहालयांचे जाळे : परिषदा आणि चहापान एवढेच?

उंबरठा : “शांतता संग्रहालयांचे आंतरराष्ट्रीय जाळे म्हणजे दर तीन वर्षांनी परिषद, समूहछायाचित्र आणि चहापान,” असे काल येथे या चर्चेत लिहिले गेले, ते वाचून गप्प बसवत नाही. १९२५ साली एर्न्स्ट फ्रीड्रिश यांनी बर्लिनमध्ये उघडलेले युद्धविरोधी संग्रहालय नाझींनी १९३३ मध्ये उद्ध्वस्त केले, तेव्हा ते एकाकी होते. १९९२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे हे जाळे उभे राहिले, ते अशा संग्रहालयांचा एकाकीपणा संपावा म्हणूनच.

सदाशंकी : लिहिणारा मीच. मग ओसाकाचे काय? १९९१ मध्ये तिथे उघडलेल्या ‘पीस ओसाका’ या शांतता संग्रहालयात, जपानने युद्धकाळात चीन-कोरियात केलेल्या अत्याचारांची मांडणी होती. ती स्थानिक राजकारण्यांना खुपली आणि २०१५ च्या नूतनीकरणात काढून टाकली गेली. जाळ्याला ती वाचवता आली का?

जुना ग्रंथपाल : ज्या संग्रहालयाचा खर्च प्रांत आणि महापालिका उचलतात, त्याची भिंत बाहेरचे जाळे कशी राखणार? जपानात सार्वजनिक संग्रहालयांची परिषद १९९४ ची आणि नागरिकांचे जाळे १९९८ चे, अशी वेगळी चूल मांडली गेली ती उगाच नव्हे. आणि सहकार्य कशाला म्हणतात तेही ऐका. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेने अणुबॉम्बवरील मूळ प्रदर्शन दबावाखाली रद्द केले, तेव्हा हिरोशिमा-नागासाकीच्या वस्तू तेथीलच ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी’ या विद्यापीठात मांडल्या गेल्या. आमच्या तालुक्याच्या संग्रहालयाने शेजारच्या जिल्ह्याकडे दोन छायाचित्रे उसनी मागितली होती. दीड वर्ष “फाइल वर गेली आहे” एवढेच उत्तर मिळाले.

सदाशंकी : तुमच्या फायलीचा ओसाकाशी संबंध काय? आणि वॉशिंग्टनला पुढाकार विद्यापीठाचा व त्या दोन शहरांचा होता, जाळ्याचा नव्हे. श्रेय वाटताना हात एवढा सैल सोडू नये.

परदेशस्थ : हिरोशिमात मी ती गंजलेली तीनचाकी सायकल पाहिली. बापाने अणुबॉम्बने मेलेल्या चिमुकल्यासोबत ती पुरली आणि चाळीस वर्षांनी उकरून संग्रहालयाला दिली. तिच्यापुढे उभे राहिल्यावर तुमचा हा वाद मला क्षुद्र वाटला.

सदाशंकी : क्षुद्र? ती सायकल पाहून रडणाऱ्याला ‘बॉम्ब पडण्यापूर्वी जपानने काय केले’ हे सांगणारी भिंत ओसाकात होती, तीच गेली. माझे दुखणे ते आहे.

जुना ग्रंथपाल : हे कालच लिहिले असते, तर तुमच्याशी भांडण झाले नसते. श्रेयाचा मुद्दा मागे घेतो. फायलीचा घेत नाही.

सदाशंकी : मीही परिषदा मान्य करतो, चहापानासह. पुढच्या परिषदेत पहिला ठराव ओसाकावर मांडा, समूहछायाचित्रात मीही उभा राहीन.