अमारिलोच्या रंगीत मोटारी: छायाचित्र नेमके कशाचे?

शहापूरकर (बेळगाव): टेक्सासमधील अमारिलो शहराबाहेर, महामार्गालगतच्या शेतात, १९७४ साली ‘अँट फार्म’ या कलावंतांच्या गटाने दहा जुन्या कॅडिलॅक मोटारी तोंडघशी पुरून उभ्या केल्या आणि येणारेजाणारे त्यांवर रंग फवारत राहिले. मुलाकडे गेलो असता दोन वर्षांच्या अंतराने मी तेथे दोनदा छायाचित्रे काढली. पहिल्या खेपेचा निळा दरवाजा दुसऱ्या खेपेस गुलाबी थराखाली नाहीसा झाला होता. मग माझे छायाचित्र मोटारीचे म्हणावे की रंगाचे?

निपाणीकर: रंगाचेच. आपण जोडलेल्या दुसऱ्या छायाचित्रात दाराच्या कडेला रंग ओघळून, गोठून बोटभर जाड झालेला दिसतो आणि एका टवक्याखाली चार-पाच रंग एकावर एक उघडे पडले आहेत. मला ते छायाचित्र सर्वांत आवडले. शहर जवळ येऊ लागल्याने १९९७ मध्ये मोटारीही सुमारे तीन किलोमीटर पश्चिमेला हलवल्या गेल्या, म्हणजे जागासुद्धा मूळची नाही.

खानापूरकर: आपल्या गल्लीतल्या पोरांचे दिवाळीतील मातीचे किल्ले मी गेली काही वर्षे एकाच कोपऱ्यावरून, एकाच भिंगाने टिपतो, कारण चौकट स्थिर ठेवली तरच बदल डोळ्यांत भरतो. (पाऊस लांबला की बुरूज ढासळतात, तेही टिपतो.) पुढच्या खेपेस आपण तोच दरवाजा, त्याच वेळी, तितक्याच अंतरावरून घ्यावा.

शहापूरकर: दरवाजा ओळखू आला, तर जरूर घेईन.