टीव्हीला जोडायला छोटा पीसी: ऑफिसचा जुना, एन१०० की रास्पबेरी पाय?

चोपड्याचा_पोऱ्या
राम राम मंडळी. चोपड्याला घरी आई-अण्णा दोघंच असतात, मी पुण्यात. हॉलमधे ४३ इंची ४के टीव्ही आहे, स्मार्ट आहे, पण हार्ड डिस्क लावली की अर्ध्या फाईली उघडतच नाहीत, कुठे नुसता आवाज येतो, कुठे चित्र अडकत अडकत चालतं. डिस्कवर काय आहे तर दोन्ही बहिणींच्या लग्नाच्या कॅसेट, ज्या मागे डीव्हीडी करून घेतल्या होत्या, मग कानबाई देवीच्या सणाचे, रोटांचे दरवर्षीचे व्हिडिओ जे आता सगळे फोनवरच काढतात, आणि आजीच्या ओव्या भाचीने आयफोनवर घेतलेल्या. हे सगळं घरातल्यांना टीव्हीवर नीट बघता यावं एवढीच इच्छा आहे. शिवाय अण्णांना यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि कीर्तनं, आईला ओटीटीवरच्या मालिका.
बजेट २० हजारापर्यंत. जळगावच्या गोलाणी मार्केटमधे एकाकडे विचारलं तर तो जुना इंटेल आय७ थर्ड जनरेशनचा टॉवर दाखवून राहिला, म्हणे एकदम पळतो. दुसरीकडे ऑफिसमधून निघालेले छोटे डबे आहेत, आय५ सिक्स्थ जनरेशन. ऑनलाईन इंटेलच्या एन१०० चिपवाले नवीन मिनी पीसी दिसतात, आणि मित्र म्हणतो रास्पबेरी पाय घे, तो एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतील तोवर लावून द्यायचंय. काय घेऊ?

धुळेकर_हार्डवेअर
भाऊ, तो आय७ टॉवर पहिले डोक्यातून काढा. नाववर नका जावू भो, जनरेशन देखा. व्हिडिओ बघायला प्रोसेसर किती तगडा आहे यापेक्षा त्याच्यातला ग्राफिक्सचा भाग कोणता फॉरमॅट स्वतः उलगडू शकतो हे महत्त्वाचं असतं, यालाच हार्डवेअर डीकोड म्हणतात. ते नसलं की सगळा भार मेन प्रोसेसरवर येतो, पंखा बोंबलायला लागतो आणि चित्र अडकतं. थर्ड जनरेशन २०१२ चं, तेव्हा एचइव्हीसी नावाचा फॉरमॅट बाजारात आलेलाच नव्हता, आणि तुमच्या भाचीच्या आयफोनचे व्हिडिओ बहुतेक त्याच फॉरमॅटमधे असणार, कारण २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन तसंच सेव्ह करतो.
आता सिक्स्थ जनरेशनचं. ते साधं ८ बिटचं एचइव्हीसी नीट चालवतं पण १० बिटला, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा ठेवणाऱ्याला, अडखळतं. आयफोन १२ पासून पुढचे फोन एचडीआरमधे शूट करतात ते १० बिट असतं. म्हणजे नेमकी ओव्यांचीच फाईल अडकायची. सेव्हन्थ जनरेशनपासून ती अडचण गेली. म्हणून जुना डबा घ्यायचा तर खाली सेव्हन्थची रेघ धरा, आणि खरं तर एट्थच घ्या, कारण विंडोज १० चा फुकट सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे एट्थ जनरेशनपासून पुढेच चालतं. आय५-८५००टी वाला डबा मिळाला तर सहा कोर येतात, घरातलं बिलं-फॉर्म भरायचं कामही त्याच्यावर आरामात होईल.
एन१०० हा २०२३ चा चिप आहे, चार छोटे कोर, ६ वॅटचा. कागदावर बारका दिसतो पण व्हिडिओच्या बाबतीत त्या आय७ च्या कैक पट पुढे आहे, १० बिट एचइव्हीसी, व्हीपी९ फॉरमॅट, आणि यूट्यूब आता जो एव्ही१ फॉरमॅट वापरतं तो पण हार्डवेअरमधे उलगडतो. एट्थ जनरेशनला एव्ही१ नाही, पण यूट्यूब व्हीपी९ मधेही देतं म्हणून तिथे फार बिघडत नाही. तुमच्या कामाला मी एन१०० सांगेन, ८ जीबी रॅम बस झाली, आणि डिस्क एसएसडीच पाहिजे.

भुसावळ_लोको
वरच्या भाऊंचं सगळं पटलं पण एक गोष्ट राहिली, ऊन. आखाजीच्या सुमाराला आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि चोपडा काही थंड नाही. ऑनलाईन ते बिनपंख्याचे डबे येतात, दिसायला छान, आवाज नाही, पण खोलीतच ४० डिग्री असली तर ते डबे उष्णता टाकणार कुठे? चिप गरम झाला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि तुम्हाला वाटतं मशीन खराब निघालं. इकडे पंखा असलेलाच घ्या. आणि टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर तर अजिबात ठेवू नका, मोकळ्या हवेत, भिंतीपासून थोडा अंतरावर. उन्हाळ्यात वावटळी उठतात, कूलर लावला की खिडकीतून धूळ सगळी आत, म्हणून वर्षातून दोनदा तरी जाळी ब्रशने साफ करायला घरात कुणाला तरी दाखवून ठेवा. कूलरच्या समोर मात्र ठेवू नका, ओल जाते आत.
दुसरं लाईट. दिवसातून किती वेळा जाते-येते ते तुम्हाला माहीतच आहे. बायोसमधे (मशीन चालू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमधे) एक सेटिंग असतं, लाईट आली की मशीन आपोआप चालू व्हायचं, काहींमधे एसी रिकव्हरी नाव असतं, काहींमधे आफ्टर पॉवर लॉस, ते ऑन करून ठेवा म्हणजे अण्णांना टीव्हीच्या मागे हात घालून बटण शोधायला नको. इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या, हा डबा फार खात नाही. समजा दिवसरात्र चालू ठेवला आणि सरासरी १० वॅट घेतले तर महिन्याला सात युनिटच्या आसपास होतात, तेच टॉवरने ६० वॅट घेतले तर ४३ युनिट.

अमळनेर_टिंकर
मी रास्पबेरी पायच्या बाजूने बोलतो, कारण इथे कुणी सीईसीचं नाव घेतलं नाही. एचडीएमआयच्या त्याच वायरमधून टीव्हीच्याच रिमोटने पाय चालवता येतो, त्याला सीईसी म्हणतात. लिबरइलेक (विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्सवरची फुकट सिस्टीम) टाकलं की मशीन सरळ कोडी या व्हिडिओ प्लेअरमधेच उघडतं, मधे डेस्कटॉप नाही, अपडेटचे निरोप नाहीत, पासवर्ड नाही. टीव्हीचाच रिमोट, वर-खाली-ओके, झालं. घरी वयस्कर माणसं असली की हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बहुतेक मिनी पीसींना सीईसी नसतं, त्यांना वेगळा यूएसबी रिमोट घ्यावा लागतो आणि मग सोफ्यावर एक रिमोट वाढतो.

धुळेकर_हार्डवेअर
रिमोटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण पाय ५ मधे एच२६४ चं, म्हणजे एचइव्हीसीच्या आधीच्या फॉरमॅटचं, हार्डवेअर डीकोड काढून टाकलंय, फक्त एचइव्हीसी ठेवलंय. १०८०पी (फुल एचडी) असेल तर त्याचा प्रोसेसर ओढून नेतो, पण जुन्या अँड्रॉइड फोनवर काढलेले ४के व्हिडिओ बहुतेक एच२६४ मधे असतात, तिथे तो दमतो. एव्ही१ पण नाही. आणि नुसत्या बोर्डाच्या किमतीवर जाऊ नका, २७ वॅटचा अडॅप्टर, केस, कूलर, कार्ड धरा मग एन१०० शी तुलना करा. लाईट अचानक गेली की मेमरी कार्डवरची सिस्टीम बिघडायची भीती वेगळीच. आणि लिबरइलेक एन१०० वर पण चालतं, ते काय पायचीच मक्तेदारी नाही.

तापीकाठची_ताई
दादा, मी शहाद्याहून. सासूबाई-सासऱ्यांसाठी आमच्याकडे हेच लावलंय म्हणून सांगते, एकाच डब्याकडून सगळं करून घ्यायचा हट्ट सोडा. आईंच्या मालिका टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवरच राहू द्या. नेटफ्लिक्ससारख्या ॲपना चोरी होऊ नये म्हणून मशीन त्यांच्या परवानगीचं लागतं, टीव्हीला ती असते, पीसीवर लिनक्स टाकलं की ब्राउझरमधे ४के मिळतच नाही, विंडोजवर मिळायलाही अटी असतात. बाजारातले स्वस्त नाव नसलेले अँड्रॉइड बॉक्स तर त्याहून वाईट, तिथे चित्र धूसरच येतं आणि लोक नेटला दोष देतात. यूट्यूब पण टीव्हीवरच छान चालतं, आवाजाने शोधता येतं, अण्णांना टाईप करायला नको. मग छोट्या पीसीचं काम एकच उरतं, घरचे व्हिडिओ. एकदा हे ठरलं की सगळं सोपं होतं, विंडोज लागत नाही, लायसन्स लागत नाही, कोडी पुरेसं आहे.
आणि फोल्डरांना नावं नीट मराठीत द्या, "कानबाई २०१९", "मोठ्या ताईचं लग्न" अशी, कोडीत तीच नावं दिसतात, फोटोपण लावता येतो. माझ्या सासूबाई चष्मा न लावता फोटो बघून बरोबर फोल्डर उघडतात. यात एक संध्याकाळ घाला, मशीन कोणतं घेतलं त्याच्यापेक्षा याने जास्त फरक पडतो असं माझं ठाम मत आहे.

चोपड्याचा_पोऱ्या
ताई, तुमचं वाचून डोक्यातला गोंधळच मिटला, मी उगाच सगळं एकात कोंबत होतो. म्हणजे पंखावाला एन१००, त्यावर लिबरइलेक, आणि एक साधा यूएसबी रिमोट. आता एकच, लग्नाच्या कॅसेटच्या फाईली लॅपटॉपवर लावल्या तर वरात नाचताना सगळ्यांच्या हातापायाला आडव्या रेघा दिसतात, कंगव्याच्या दातांसारख्या. त्या कॅसेट करतानाच खराब झाल्या का? मूळ कॅसेट आता घरात नाहीत हो.

अमळनेर_टिंकर
खराब नाही झाल्या, जीव थोडा खाली ठेवा. कॅसेटचं चित्र दोन भागात येतं, पहिले एक-आड-एक रेघा, मग राहिलेल्या रेघा, सेकंदाला असे ५० भाग. जुना टीव्ही तसंच दाखवायचा. आताचा पडदा दोन्ही भाग एकदम दाखवतो आणि मधल्या वेळात हात हललेला असतो म्हणून त्या रेघा. प्लेअरमधे डीइंटरलेस चालू करा, व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमधेच आहे, कोडीत व्हिडिओ चालू असताना सेटिंगमधे. त्यात बॉब किंवा तसा ५० फ्रेम देणारा पर्याय असला तर तोच निवडा, नाच एकदम गुळगुळीत दिसेल. आणि टीव्हीला सिग्नल ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, जाऊ द्या, कोडीत रिफ्रेश रेट आपोआप बदलायचं सेटिंग आहे ते ऑन करा.
हात जोडून एक सांगतो, कुणी म्हणेल या फाईली कन्व्हर्ट करून छोट्या करून देतो तर करू नका. एकदा चुकीच्या पद्धतीने कन्व्हर्ट झालं की त्या रेघा चित्रात कायमच्या बसतात. डीव्हीडीवरून निघालेली मूळ फाईल आहे तशी ठेवा, मूळ कॅसेट नाहीत म्हटल्यावर तर नक्कीच. तिच्या दोन कॉपी, एक चोपड्याला, एक तुमच्याकडे पुण्याला.

भुसावळ_लोको
डिस्कचं पण बघून घ्या. छोटी अडीच इंची यूएसबी डिस्क असेल तर पीसीच्या पोर्टमधूनच करंट घेते, मोठी साडेतीन इंची असेल तर तिचा वेगळा अडॅप्टर असतो, तो पण इन्व्हर्टरवर पाहिजे, नाहीतर पीसी चालू आणि डिस्क बंद. चालू डिस्कला धक्का लागू देऊ नका, भाचे कंपनी येईल तेव्हा तर टीव्हीच्या मागे वायर बांधूनच टाका.

धुळेकर_हार्डवेअर
आणि एन१०० बजेटमधे नाही बसला, रॅमचे भाव सारखे वर-खाली होऊन राहिले म्हणून सांगतो, तर एट्थ जनरेशनचा जुना डबा घ्याल तेव्हा दुकानातच तीन गोष्टी बघा. वायफाय कार्ड आत आहे का, ऑफिसवाल्या डब्यात पुष्कळदा नसतंच. अडॅप्टर त्याच कंपनीचा ओरिजिनल आहे का, काही मशीन दुसरा अडॅप्टर ओळखत नाहीत आणि वेग कमी करतात. आणि एचडीएमआय कोणतं आहे, १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर जातं. कॅसेटच्या ५० हर्ट्झला ते पुरत नाही, मग त्या फाईलींपुरतं आउटपुट १०८०पी ठेवायचं, कॅसेटच्या चित्राला तेवढं भरपूर झालं. डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरचं वेगळं सॉकेट) असेल तर त्यातून एचडीएमआयचा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लावून ४के ६० हर्ट्झवर काढता येतं, पण कन्व्हर्टर घेताना ॲक्टिव्ह विचारूनच घ्या, साधा तोच ३० वर अडतो. आयफोनची एखादी फाईल पेनड्राईव्हवर घेऊन जा आणि दुकानात चालवूनच पैसे द्या.